बत्तीस नगांचं लेदर किट, आठ महिन्यांनंतर

जूनच्या पहिल्या आठवड्यात चामड्याच्या कामाचं किट ऑनलाइन मागवलं. १८५० रुपये, बत्तीस नग, वर गुंडाळून ठेवायची पिशवी फुकट. आता फेब्रुवारी चालू आहे. त्यातल्या सहा प्रकारच्या वस्तू माझ्या टेबलावर आहेत, बाकीच्या बहुतेक माळ्यावर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तेच किट वेगवेगळ्या नावांनी विकताना मी पाहिलंय. एकाला शिव्या घालून दुसऱ्याला मोकळं का सोडा!

एवढ्या दिवसांत सात कार्ड होल्डर, दोन पाकिटं, चष्म्याची दोन घरं आणि तीन पट्टे झाले. नोकरी सांभाळून, रात्री नऊनंतर, पुण्यातल्या फ्लॅटच्या डायनिंग टेबलावर. त्यामुळे हा अनुभव हौशी माणसाचा आहे, कारखान्याचा नाही.

सगळ्यात आधी स्टिचिंग चिझल, म्हणजे टाक्यांची भोकं एका ओळीत पाडायचे काटे. किटमध्ये एक, दोन, चार आणि सहा दातांचे आले, अंतर ४ मिमी. अंतर बरोबर होतं, ते मोजून पाहिलं. पण दातांच्या कडा खरखरीत. ठोकलं की चामड्यात रुतून बसायचे आणि हलवून हलवून काढताना भोकं फाटायची. पहिली दोन कार्ड होल्डर त्यातच गेली. नंतर एका रविवारी १००० आणि मग २०००चा पॉलिश पेपर घेऊन प्रत्येक दात दोन्ही बाजूंनी घासला, वर मेण चोळलं. दोन तास गेले, पण काटे सुधारले. काढतानाही आता डाव्या हाताने चामडं दाबून धरते आणि काटा सरळ वर ओढते. पुढची ओळ पाडताना पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात ठेवायचा, अंतर आपोआप सांभाळलं जातं.

ठोकायला आलेली नायलॉनची हातोडी खेळण्यातली. घरातली लोखंडी हातोडी वापरू नका, काट्यांचं डोकं चेपून पसरतं. मी जुनी लाकडी मोगरी काढली. खाली कडप्प्याचा तुकडा (ओट्याचं काम झालं तेव्हाचा उरलेला, आपल्याकडे कुठल्या घरात नसतो?), त्याच्यावर प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड आणि कडप्प्याच्या खाली चौघडी केलेलं पोतं. पोतं खालच्या मजल्यासाठी. त्यांचा फोन दोनदा येऊन गेल्यावर सुचलं. टेबलाच्या मधोमध न ठोकता पायाच्या बरोबर वर ठोकलं तर आवाज आणखी कमी होतो.

आता आरी. किटमधली आरी घेऊन मी आमच्या कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्तीच्या काकांकडे गेले, धार लावून मिळते का बघायला. त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला आणि परत दिली.

"ताई, ही आरी नाही, हा खिळा आहे. मूठ चांगली बसवलीय फक्त."

मग स्वतःची रापी दाखवली. रुंद पात्याची, मूठ हाताच्या घामाने काळी झालेली. चामड्याचा काठ दगडावर ठेवून त्यांनी ती एकदाच पुढे ढकलली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ साल निघाली आणि काठ उतरता झाला. घडीच्या जागी चामडं असं पातळ केलं नाही तर पाकीट बंदच होत नाही, आणि किटमधल्या तासणीने मी तेच काम करताना तीन तुकडे आरपार कापले होते. काकांनी मला त्यांच्या ओळखीतून एक रापी आणून दिली, दीडशे रुपयांना. अख्ख्या किटपेक्षा तिने जास्त काम केलंय. अट एकच, धार. लाकडी पट्टीवर चामड्याचा तुकडा चिकटवून त्याच्यावर हिरवं पॉलिशिंग कंपाउंड चोळलंय. दर दहा-पंधरा मिनिटांनी पातं त्याच्यावर उलट्या दिशेने ओढायचं, म्हणजे धार मागे, पाठ पुढे. किटमधल्या बेव्हलरच्या, म्हणजे काठाचा कोपरा तासून गोल करायच्या हत्याराच्या, खाचेत पट्टी जात नाही. तिथे जाड दोऱ्याला तेच कंपाउंड लावून दोरा खाचेतून मागे-पुढे ओढला. आधी काठ कुरतडायचं, आता नूडलसारखी अखंड दोरी निघते. म्हणजे किटमधलं हत्यार अगदीच टाकाऊ नव्हतं, फक्त धार न लावता पाठवलं होतं.

दोरा मात्र खरोखर टाकाऊ. चपटा, मेण नावाला, तिसऱ्या टाक्यापासून पिंजायला लागतो. ०.८ मिमीचा मेण लावलेला पॉलिस्टर दोरा वेगळा घ्या, ४ मिमीच्या भोकांना तो शोभतो. सुयाही बोथट टोकाच्या हव्यात, टोकदार सुई आधीच्या दोऱ्यातूनच आरपार जाते. मी जॉन जेम्सच्या हार्नेस सुया घेतल्या, आठ महिन्यांत एक वाकली. सॅडल स्टिचला दोरा शिलाईच्या लांबीच्या चौपट कापा. एक दोरा, दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून. आधी डावी की उजवी हे एकदा ठरवलं की शेवटच्या टाक्यापर्यंत तेच, नाहीतर ओळ डुगडुगते. मशीनच्या शिलाईत एक दोरा तुटला की पुढचं उसवत जातं. इथे एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

चामड्याबद्दल बोलायचं तर किटबरोबर आलेले नमुन्याचे तुकडे क्रोमचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले होते. त्यांचे काठ कितीही घासा, चकाकी येत नाही, त्यांना एज पेंट, म्हणजे काठाला लावायचा रंगच लागतो. हाताने घोटून काठ गुळगुळीत करायचे असतील तर झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं मागा. पाकिटाला १.२ ते १.५ मिमी पुरतं, पट्ट्याला ३ मिमीच्या वर. माझा एक पट्टा वाया गेला, तो मी जनावराच्या पोटाच्या भागातल्या, स्वस्तात मिळालेल्या चामड्यातून कापला होता. महिन्याभरात ताणून दोन भोकं पुढे गेला. पट्टा पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेने कापायचा असतो, हे दुकानदाराने पैसे घेऊन झाल्यावर सांगितलं.

काठ घोटायला बाहेरून महागडा द्रव मागवायच्या आधी वाण्याकडचा गोंद कतीरा वापरून बघा. चमचाभर रात्री भिजवला की सकाळी वाटी भरते. पाणी घालून गाळायचा, बोटाने काठाला लावायचा आणि किटमधल्या लाकडी स्लिकरने गरम होईपर्यंत घासायचं. स्लिकर उत्तम आहे, त्यात बिघडण्यासारखं काही नाहीच. (उरलेला गोंद सरबतात. घरच्यांना सांगितलं नाही.)

चष्म्याचं पहिलं घर करताना ओलं चामडं साच्यावर बसवून स्टीलच्या क्लिपा लावल्या आणि झोपले. सकाळी प्रत्येक क्लिपेखाली निळसर काळा डाग, शाई सांडल्यासारखा. काकांनी बघताक्षणी सांगितलं, "लोखंड लागलं. लिंबू चोळा." लिंबाने डाग फिके झाले, पूर्ण गेले नाहीत. सालीतल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, आणि हिरडा नि लोखंड मिळून काळा रंग करायची रीत जुनीच आहे. मी फक्त नको तिथे केली. दिवाळीत कोल्हापूरला चप्पल लाईनमध्ये गेले तेव्हा माझं अर्धं लक्ष चपलांच्या काठांवर होतं. २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेल्या त्या चपलेत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. चपला न घेता पंधरा मिनिटं टाकेच मोजत बसले म्हणून आई वैतागली.

पावसाळ्याचं एक राहिलं. जुलैत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या चामड्यावर पांढरी बुरशी धरली. बाल्कनीत नेऊन कोरड्या फडक्याने पुसलं आणि पंख्याखाली वाळवलं. उन्हात टाकू नका, कडक होतं. तेव्हापासून चामडं उशीच्या अभ्र्यात राहतं. आणि चिकटवायचं सोल्यूशन खिडकी उघडी ठेवूनच वापरा, डोकं धरतं. दोन्ही बाजूंना पातळ लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. ओलं असताना जोडलेलं माझं एक पाकीट शिवायच्या आधीच उकललं.

तर किटला पाचपैकी दोन तारे. काटे, बेव्हलर, स्लिकर, गोल पंच, मोजपट्टी आणि पिशवी एवढं वापरात आहे. अक्षरांचे ठसे भाचीने मातीकामाला नेले. परत मागितलेले नाहीत. रापीची मूठ थोडी सैल झालीय, शनिवारी काकांकडे न्यायची आहे.