सांकेतिक भाषेचा वर्ग: सहा रविवार सोन्यासारखे, दोन वाया

आमचा होणारा जावई कर्णबधिर असल्यामुळे, इंदूरच्या राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरणाऱ्या भारतीय सांकेतिक भाषेच्या आठ रविवारांच्या वर्गात मी आणि माझ्या पत्नीने नावे नोंदवली. शुल्क माणशी दोन हजार रुपये. पहिले सहा रविवार शिकवणाऱ्या बाई स्वतः कर्णबधिर असून वर्गात तोंडाने बोलण्यास त्यांची सक्त मनाई असते. पहिल्या दिवशी हा नियम जाचक वाटला, तिसऱ्या रविवारी त्याचे मोल कळले.

रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ्याच्या गर्दीत दोन बोटे दाखवून दोन प्लेट मागवतो, तशाच या खुणा असणार, अशी आमची समजूत होती. बाईंनी ती एका साध्या हकिकतीने मोडली. आदल्या रात्री त्यांनी सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाल्ला, तो फार तिखट निघाला आणि पाऊस आला नसता तर त्या जिलबीही खाणार होत्या. यातले निम्मे आम्हाला खुणांवरून कळले, उरलेले त्यांनी फळ्यावर लिहिले. तिखटपणा नुसत्या चेहऱ्यानेही दाखवता येईल. ‘पाऊस आला नसता तर’ हे सांगायला मात्र भाषाच लागते. समोर नसलेल्या गोष्टींविषयी बोलण्याची ही सोय भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली मांडलेल्या मानवी भाषेच्या तेरा वैशिष्ट्यांपैकी एक आहे. त्याच यादीत भाषा तोंडाने बोलायची व कानाने ऐकायची असेही गृहीत धरलेले होते, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी सांकेतिक भाषेचे अभ्यासक विल्यम स्टोको यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेतल्या खुणाही हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा घटकांच्या जुळणीतून बनतात, हे दाखवून दिले. ‘राग’ आणि ‘गार’ या शब्दांत ध्वनी तेच आहेत, फक्त क्रम बदलला की अर्थ पालटतो. ध्वनींना स्वतःचा अर्थ नसतो, तसाच या घटकांनाही नसतो.

प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे ‘तुझे नाव काय’ म्हणणाऱ्या आम्हाला तेवढे सोपे गेले. मात्र हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारतात आणि माझ्या भुवया सवयीनेच वर जातात; ‘मी जेवलो’ असे मी सांगितले, तर ‘मी जेवलो का?’ असा प्रश्न बाईंना दिसला आणि त्या मनापासून हसल्या. एकदा वीज गेली तेव्हा अर्ध्या वाक्यावर सगळा वर्ग मुका झाला.

शेवटचे दोन रविवार संचालकांनी देहबोलीच्या एका प्रशिक्षकाकडे सोपवले होते. संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांविना होतो, असे या प्रशिक्षकांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले. हा आकडा मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांवरून आलेला असून ते प्रयोग एकेकट्या शब्दांतून बोलणाऱ्याची आवड-नावड कशी ओळखली जाते, एवढ्यापुरतेच होते. तो सर्व बोलण्याला लागू असता, तर बाईंना भुट्ट्याच्या किसाची गोष्ट सांगायला फळा लागला नसता. हात बांधून बसू नये, नजर भिडवावी, असले सल्ले ऐकण्यासाठी आम्ही पैसे भरले नव्हते. तेही दोन दिवस बाईंनाच द्यावेत, असे मी संचालकांना लेखी कळवले आहे. उत्तर आलेले नाही.

नोंदणी करण्यापूर्वी शेवटचे रविवार कोण घेणार, हे विचारून घ्यावे. जिना अरुंद व अंधारा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सोबत कोणाला तरी न्यावे.