आठ महिने, दोन विमानं, एकच रिमोट

गेल्या दसऱ्याला मी आणि माझ्या मुलीने रिमोटची विमानं उडवायला सुरुवात केली. राहतो बडोद्यात, दांडिया बाजारला. रविवारी पहाटे सिंधरोटच्या बाजूला, महीकाठच्या मोकळ्या शेतात जातो. पहिलं विमान संपलं, दुसरं तीनदा चिकटवून उडतंय, पण रिमोट पहिल्या दिवसाचाच आहे. म्हणून नवीन घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं: आधी रिमोट ठरवा, विमान मग.

आमचा फ्लायस्काय एफएस-आय६ आहे. सहा चॅनेल (म्हणजे सहा गोष्टी वेगवेगळ्या हलवता येतात), २.४ गिगाहर्ट्झ, चार पेन्सिल सेलवर चालतो. घेताना मोड १ की मोड २ हा प्रश्न येतो. मोड २ मध्ये थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, डाव्या हाताला, मोड १ मध्ये उजव्या. तुम्हाला शिकवणारा जो वापरतो, तोच घ्या. विमान गडबडलं की आम्हाला शिकवणारे काका पटकन माझ्या हातातून रिमोट घेतात. मोड वेगळा असता तर त्यांनाही ते सावरता आलं नसतं.

रिमोटच्या मागच्या पोर्टला केबल लावून तो कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरला जोडता येतो. मुलगी महिनाभर रोज रात्री अर्धा तास बसली, आणि त्याचा फरक मैदानावर स्पष्ट दिसला. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं वाटतं. तेव्हा जो पंख खाली झुकलाय त्याच बाजूला स्टिक ढकलायची, विमान सरळ होतं. हे हाताला सवयीने यावं लागतं, विचार करायला वेळच नसतो.

पहिलं विमान मी देखणं बघून घेतलं: खाली पंख असलेलं लढाऊ विमान. वेग कमी केला की एका पंखावर एकदम खाली कोसळायचं. चौथ्या उड्डाणात गेलं. दुसरं ईपीओ या लवचिक फोमचं, पंख वरच्या बाजूला आणि टोकांकडे किंचित उचललेले, मोटर पंखामागे. स्टिक सोडली तर बरंचसं आपणच सरळ होतं, आणि नाकावर पडलं तरी प्रोपेलर वाचतो. सुरुवात याच जातीच्या विमानाने करा.

बॅटरी तीन सेलची, २२०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर). पूर्ण चार्ज म्हणजे दर सेलला ४.२ व्होल्ट, पण ठेवताना ३.८ वर आणून ठेवायची. मे महिन्यात एक पूर्ण भरलेली बॅटरी आठवडाभर स्कूटरच्या डिकीत राहिली आणि फुगली. ती पुन्हा लावली नाही. प्रत्येक सेल सारखा भरणाऱ्या बॅलन्स चार्जरवर पैसे वाचवू नका आणि चार्जिंग चालू असताना खोली सोडू नका. सात मिनिटांचा टायमर लावतो, तो वाजला की उतरायचं.

बडोद्याची वेगळी अडचण म्हणजे उत्तरायण. जानेवारीत गवतात पडलेली पतंगाची दोरी मोटरच्या शाफ्टला गुंडाळली, मोटर अडकली आणि मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी जळला. आता उत्तरायणाच्या आगेमागे महिनाभर आम्ही फक्त सिम्युलेटरवर असणार.

जागा निवडताना डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा जरूर बघा. हरणी विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर जायचं तरी परवानगी लागते.

मुलीला आता एलेरॉनवालं (पंखांच्या मागच्या कडेला हलत्या पट्ट्या असलेलं) विमान हवंय. पावसाळा संपला की घेऊ. त्यासाठी फक्त विमानात बसणारा नवा रिसीव्हर आणून याच रिमोटला बाइंड करायचा, म्हणजे जोडून घ्यायचा आहे.