सेफ्टी गेट, चिहुआहुआ आणि साडेपाच सेंटीमीटरची फट

या गेटला दिवाळीत मी एक स्टार दिला होता. आज तो बदलून तीन करते आहे. उरलेले दोन का कापले ते नीट लिहिते, कारण दोन किलोच्या आतलं कुत्रं पाळणाऱ्याला जे कळायला हवं ते विकणाऱ्यानं कुठेच लिहिलेलं नाही.

गेट तुम्हाला माहीत आहे तेच. लहान मुलांसाठी विकतात ते पांढरं लोखंडी, दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून चौकटीत आवळायचं आणि आपोआप लागणारं. उंची, रुंदी, वजन, रंग सगळं दिलेलं असतं. दोन दांड्यांमधली फट दिलेली नसते. मी फूटपट्टी लावून मोजली, साडेपाच सेंटीमीटर भरली. रांगत्या लेकराचं डोकं त्यातून जात नाही, म्हणजे ज्याच्यासाठी गेट केलं त्याच्यासाठी ते बरोबर आहे. आमची चिहुआहुआ, चिंगी, आली तेव्हा किलोभराचीही नव्हती. गेट बसवून झालं आणि ती त्यातून सरळ चालत पलीकडे गेली. सासूबाई खाटेवरून पाहत होत्या. म्हणाल्या, "हे फाटक कोनासाठी आणलं वो?"

आमचं घर हिंगणघाट तालुक्यातलं, कापसाचं. सपरीला लागून जी खोली आहे तिच्यात वेचणी सुरू झाली की कापूस भरतो. त्याच खोलीत फवारणीचा पंप आणि अर्धवट वापरलेल्या बाटल्या. पलीकडे गुरांचा कोठा, तिथं सरकीच्या ढेपेचं पोतं. फवारणीचं औषध काय करतं हे विदर्भात कोणाला सांगायला नको. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. धडधाकट माणसाची ही गत, तर जमिनीला नाक लावून फिरणाऱ्या आणि पाय चाटणाऱ्या एवढ्याशा जिवाचं काय होईल? सरकीचं तर बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. गाई-म्हशी रवंथ करतात, त्यांच्या पोटात ते बरंचसं निष्प्रभ होतं. कुत्र्याच्या पोटात होत नाही. थोडं थोडं रोज पोटात गेलं तर हृदयावर परिणाम होतो. ढेप गोड वासाची, म्हणून कुत्री ती चाटतातच.

उंदराच्या औषधाचंही तेच. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लात मिसळलं की फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्याला उतारा नाही. कांद्याचा हिशेब पाहा: कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा रक्ताला बाधतो. वीस किलोच्या गावठी कुत्र्याला त्यासाठी तीनशे ग्रॅम तरी खावा लागेल. चिंगी आज एक किलो नऊशे ग्रॅमची आहे. तिला भाजी चिरताना खाली पडलेला एक लहान कांदा पुरे.

म्हणून फट महत्त्वाची. गेट किती उंच हा प्रश्न लॅब्राडोरवाल्यांचा. आपल्या कुत्र्यांना सगळा धोका जमिनीपासून वीतभर उंचीत असतो आणि तिथंच हे गेट उघडं आहे. चिंगी वाढल्यावर तिचं डोकं दांड्यांत अडायला लागलं, तेव्हा मला वाटलं प्रश्न मिटला. मिटला नाही, वाढला. डोकं अडतं, पण पुढचा पाय आत जातो. अशा लहान जातींच्या पुढच्या पायाची हाडं काडीएवढी असतात, मनगटाच्या वर रक्तपुरवठा कमी असतो, आणि तिथं मोडलं तर लवकर जुळत नाही. पाय अडकून तिनं अंग फिरवलं तर संपलं. अंगावर पट्टा असेल तर त्याची कडी दांडीत अडकते, म्हणून घरात पट्टा काढूनच ठेवते.

उपाय हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, गेटच्या खालच्या दीड फुटाला बाहेरच्या बाजूनं तारेनं आवळली. कापलेली टोकं पलीकडे वळवून वर इन्सुलेशन टेप लावला. खर्च दोनशेच्या आत. पण अडीच हजाराच्या वस्तूला दोनशेची जाळी मी का लावायची, हा राग अजून गेलेला नाही.

आता एक स्टार का दिला होता ते. ऐन वेचणीत लॅचमधला प्लास्टिकचा खटका तुटला. गठुडं घेऊन येणाऱ्या बायांची ये-जा, खोली सताड उघडी, आणि चिंगीला मला पदराखाली धरून बसावं लागलं. कंपनीला कळवलं तर म्हणे मूळ खोक्यात घालून अख्खं गेट परत पाठवा. आमच्या गावातून उचल होत नाही म्हटलं, तर म्हणे प्लास्टिकचा भाग वॉरंटीत येत नाही. मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली, आणि कंपनीला लिहिलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकते, म्हणजे तुम्हाला वर्ध्याला यावं लागेल. नवा खटका पोस्टानं आला, पैसे न घेता.

तीन स्टार मात्र त्या खटक्याचे नाहीत. गेट बिघडलेलं असताना कळलं की आपोआप लागणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. आमच्याकडे माणसं पुष्कळ आणि दार ओढून घ्यायची सवय कोणालाच नाही. गेट चालू असलं की कोणाला काही सांगावं लागत नाही. पण तीच स्प्रिंग धोक्याचीही आहे, कारण एवढी लहान कुत्री टाचेला टाच लावून चालतात. आपण पुढे जातो, गेट मागे येतं आणि कुत्रं मध्ये असतं. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून मी चौकटीच्या कडेला बसवली. आता गेट दणकन आपटत नाही आणि मध्ये बोटभर मऊ जागा राहते.

आणखी दोन बाबी. मातीच्या भिंतीत हे गेट धरत नाही, स्क्रू आवळला की लिंपण पडतं. लाकडी चौकट नसेल तर घेऊ नका. आणि उन्हाळ्यात कूलरच्या जवळ लावू नका. लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल आणि गेट त्याला टेकलं, तर ओल्या फरशीवरच्या कुत्र्याला गेटमधूनही शॉक बसू शकतो. शॉक असो की विष, 1962 लावा. तो राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचा फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर आहे. विषाचा संशय असेल तर बाटलीवरचं नाव वाचून सांगा, नुसतं "औषध खाल्लं" म्हणू नका.

कोठ्याच्या दाराला दुसरं गेट हवं होतं. ते ऑनलाइन मागवलं नाही. गावातल्या वेल्डरला नऊशे रुपयांत करायला सांगितलं आहे, खाली पहिल्यापासूनच बारीक जाळी आणि लोखंडी कडी. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो, "ताई, फट किती ठेवू?"