सर्च बॉक्स, फॉर्म की फिल्टर: वैज्ञानिक डेटाबेससाठी काय निवडाल?

संशोधन गटाचा डेटाबेस वेबवर टाकायचा ठरला की शोधपानावरून वाद होतोच. एकाला फक्त एक बॉक्स हवा असतो, दुसऱ्याला सगळे रकाने. आधी चालती उदाहरणं पाहा.

बॉक्सचा राजा पबमेड, वैद्यकीय शोधनिबंधांचा डेटाबेस. 'हार्ट अटॅक' टाइप केलं की तो 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' हा सूचीतला शब्दही शोधात धरतो. नवख्याची सोय होते. पण आपल्या शब्दांचा नेमका काय अर्थ लावला हे पाहायला अ‍ॅडव्हान्स्ड पानावर 'सर्च डिटेल्स' उघडावे लागतात. इतकी कामाची गोष्ट आत का दडवली असेल? शिवाय 'अँड', 'ऑर' डावीकडून उजवीकडे लावले जातात. कंस विसरलात तर भलतंच हाती येतं.

खगोलशास्त्राच्या शोधनिबंधांचं एडीएस मला जास्त आवडतं. बॉक्सवरच्या 'फर्स्ट ऑथर'वर क्लिक केलं की लागणारी चिन्हं बॉक्समध्ये आपोआप उमटतात. त्यात नारळीकर लिहा, ते पहिले लेखक असलेले शोधनिबंध मिळतील. बटणं वापरता वापरताच माणूस चिन्हांची भाषा शिकतो.

प्रथिनांच्या रचनांचा डेटाबेस म्हणजे पीडीबी; तिचा अ‍ॅडव्हान्स्ड शोध फॉर्मवर चालतो. रिझोल्यूशन (रचना किती बारकाईने दिसते त्याचा आकडा) निवडलं की 'पेक्षा कमी', 'दरम्यान' असे पर्याय येतात; नाव निवडलं की शब्दांचे. अटींचे गट करता येतात आणि 'काउंट' दाबून किती नोंदी उरल्या तेही कळतं. निकाल शून्य आला तर नडलेली अट सापडते. साध्या प्रश्नालाही बरेच क्लिक लागतात, ही त्याची किंमत.

नजरेने निवडायच्या गोष्टींना टायपिंग कशाला? तिथे फिल्टर कामी येतात. जीबीआयएफ या जीवांच्या नोंदींच्या डेटाबेसमध्ये नकाशावर सीमा आखून तिथल्या नोंदी काढता येतात. पदार्थांच्या गुणधर्मांच्या मटेरियल्स प्रोजेक्टमध्ये आवर्तसारणीवरच मूलद्रव्यं निवडायची. लोह आणि ऑक्सिजन निवडून 'फक्त हीच' म्हटलं तर लोहाची ऑक्साइडं, 'किमान ही' म्हटलं तर लिथियम आयर्न फॉस्फेटसुद्धा. हा फरक साध्या बॉक्समध्ये सांगणं कठीण.

रकाने मोजकेच असतील तर फिल्टर पुरेत. रोज येणारे जाणकार असतील तर एडीएससारखा बॉक्स. अटींत अटी गुंतत असतील तरच फॉर्मचा खर्च करा. काहीही निवडा, लावलेला अर्थ आणि उरलेल्या नोंदींचा आकडा मात्र त्याच पानावर दाखवा.