घरच्या घरी हरीण: सुरी, ग्राइंडर, पॅकिंग मशीन आणि एक हंगाम

नोव्हेंबरात घेतलेलं सामान आता फ्रीजरच्या तळाला लागेपर्यंत वापरून झालंय, तेव्हा लिहायला हरकत नाही. आम्ही अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात माउंट होरेबच्या जवळ राहतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने हरणाची शिकार करायची मुभा असते. अख्खं गाव भगवी जाकिटं घालून रानात. शिकार नवऱ्याची, खाटीककाम माझं. याआधी आम्ही सगळं धूड प्रोसेसरकडे, म्हणजे पैसे घेऊन हरीण कापून देणाऱ्या खाटकाकडे, टाकायचो. सव्वाशे-दीडशे डॉलर घेऊन तो पांढऱ्या कागदातली पुडकी हातात द्यायचा. त्या मटणाला एक उग्र, मेणचट वास असायचा आणि आम्हाला वाटायचं, हरणाचं असंच असतं.

असं नसतं. महाराष्ट्रात वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगते: आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे, आणि एखाद्या ढाब्यावर कुणी कानात येऊन 'भेकराचं आहे' म्हणालं तर उठून चालू पडा. हा अनुभव इथला, परवान्यावर मारलेल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा.

सगळ्यात आधी सुरी. बाकी काही नाही घेतलं तरी चालेल, पण हाड सोडवायची सहा इंची, किंचित वाकडी सुरी हवीच. माझी व्हिक्टोरिनॉक्सची आहे, रबरी वाटणाऱ्या काळ्या मुठीची. चरबीने हात बुळबुळीत झाले तरी सटकत नाही. पातं मधलं घ्यावं, फार लवचीक नको. फार लवचीक पातं मांडीच्या सांध्यापाशी भलतीकडे वळतं. धार मात्र सारखी लावावी लागते. प्रत्येक फऱ्यानंतर चार हात स्टीलच्या कांडीवर मारले की संध्याकाळपर्यंत तक्रार नाही.

आपण लहानपणापासून खाटकाला ओंडक्यावर खटाखट तुकडे पाडताना बघितलेलं असतं. हरणाला ते करायचं नाही. ह्याला सत्तूर लागतच नाही. पुढचा फरा धडाला हाडाने जोडलेलाच नसतो, नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो. पाय बाहेर ओढून सुरी आतून फिरवली की अलगद हातात येतो. मागची मांडी खुब्याच्या सांध्यात सुटते. मग मांडीतले स्नायू एकेक करून वेगळे करायचे. त्यांच्यामध्ये पातळ पांढरा पापुद्रा असतो, त्यात बोट घातलं की वाट सापडते. सुरी जेमतेम लागते, काम बोटंच करतात. मला यातली सगळ्यात जास्त मजा इथेच आली.

पाठीच्या कण्याला दोन्ही बाजूंनी लागून जो लांब पट्टा निघतो, इथले लोक त्याला बॅकस्ट्रॅप म्हणतात, त्याच्यावर चंदेरी कातडं असतं. ते शिजत नाही, विरघळत नाही, उलट तव्यावर आक्रसतं आणि तुकडा धनुष्यासारखा वाकवतं. टोकाला त्याच्याखाली सुरी सारायची, एक चिमूट मोकळी करून डाव्या हाताने घट्ट धरायची, आणि पात्याची धार जराशी वर, कातड्याच्या दिशेला ठेवून पुढे ढकलत न्यायची. नीट जमलं तर खाली गडद लाल, गुळगुळीत मांस राहतं आणि हातात कागदासारखी पट्टी येते. प्रोसेसरकडे हंगामात शेकड्यांनी हरणं येतात, तिथे एवढं कोण करत बसणार?

आणि वासाचं मूळ बहुतेक इथेच आहे: हे कातडं, आणि त्याहून जास्त ती चरबी. हरणाची चरबी बकऱ्यासारखी नसते. घट्ट असते, जेवताना जरा गार झाली की टाळूला मेणासारखी चिकटते. आपल्याकडे मटण घेताना 'जरा चरबी टाका' म्हणायची सवय असते. इथे एकूणएक चरबी खरवडून कचऱ्यात. एवढं केलं की दुधात भिजवा, व्हिनेगरमध्ये बुडवा असले सल्ले ऐकायची गरज उरत नाही. पाण्यात भिजत तर मुळीच घालू नका.

आता एक गंभीर गोष्ट. विस्कॉन्सिनमधला हरणांचा मेंदूचा रोग, सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज), 2002 मध्ये पहिल्यांदा आमच्याच भागात सापडला. माणसाला तो झाल्याची एकही नोंद नाही, पण लागण झालेल्या प्राण्याचं मांस खाऊ नका असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं सांगणं आहे, आणि शिजवून त्याचा कारक नष्ट होत नाही. म्हणून डोकं, चार-पाच इंच मानेसकट, तपासणीच्या पेटीत नेऊन ठेवायचं. वन्यजीव खातं फुकट तपासतं. निकाल यायला आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर सगळं मटण नाव-तारीख घालून फ्रीजरमध्ये, कुणालाही वाटायचं नाही. करवतीने कणा कापायचा नाही, हाडं सोडवूनच काम करायचं. सुऱ्या नंतर चार भाग ब्लीच आणि सहा भाग पाणी अशा द्रावणात पाच मिनिटं बुडवून ठेवते. उरलेला सांगाडा रानात न टाकता कचरा डेपोत जातो.

घरी कापायचं माझं खरं कारण हेच. बरेच प्रोसेसर खिमा करताना अनेकांच्या हरणांचे बारके तुकडे एकत्र दळतात. आपलं हरीण निरोगी निघालं तरी पुडक्यात कुणाचं काय आलंय, देव जाणे. शिशाचंही तसंच. 2008 मध्ये शेजारच्या मिनेसोटात आणि नॉर्थ डकोटात, गरजूंना वाटायच्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले होते. आम्ही तांब्याच्या गोळ्या वापरतो आणि जखमेच्या भोवतीचा भाग सढळ हाताने काढून टाकतो. घरात लहान मूल आहे, चालढकल नको.

ग्राइंडर आठ नंबरचा, मध्यम ताकदीचा घेतला. एका-दोन हरणांना पुरतो. दोन नियम: मांस आणि मशीनची डोकी दोन्ही अर्धवट गोठलेली हवीत, आणि शिरा-पापुद्रे आधीच काढलेले हवेत, नाहीतर ते पात्याभोवती गुंडाळले जातात आणि बाहेर खिम्याऐवजी लगदा येतो. आपल्या खिम्याला आठ-दहा मिलिमीटरच्या भोकांची जाळी, एकदाच. कबाबाला त्यातूनच दुसऱ्यांदा बारीक जाळीने, आणि हलाल दुकानातून आणलेली बकऱ्याची चरबी, वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा. ती नाही घातली तर कबाब भुसा होतो. आवाज प्रचंड. बाळ झोपलेलं असताना लावू नका.

फ्रीजर सात घनफुटांचा, गॅरेजमध्ये. पन्नासेक किलोच्या (आतडी काढलेल्या) मादीतून वीस-बावीस किलो साफ, बिनहाडाचं मटण निघतं, ते अर्ध्यातच मावतं.

आता स्वयंपाक. बॅकस्ट्रॅपला मसाला लावू नका. हे कोल्हापूरकडची सून म्हणतेय, तेव्हा ऐका. आदल्या रात्री नुसतं मीठ, उघडंच फ्रिजमध्ये, सकाळी वरचं ओल टिपून बिडाचा तवा कडकडीत तापवायचा. आत थर्मामीटरवर 52 दिसलं की उतरवायचं, दहा मिनिटं तसंच ठेवायचं. साठच्या पुढे गेलं की तोच तुकडा कलेजीसारखा कोरडा आणि दाणेदार लागतो. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना लाल मटण बघून कसंतरी होतं, त्यांना मी हा भाग वाढतच नाही. त्यांना मानेचा रस्सा.

आणि मान, नळ्या, खांदा यांना मात्र आपलाच मसाला पाहिजे. सुकं खोबरं, तीळ, खसखस, दगडफूल, कांदा-लसूण चटणी. चरबी नसल्यामुळे तर्री आपोआप येत नाही, तेल हात न आखडता घालावं लागतं. कुकरमध्ये पाऊण तास तरी. बकऱ्याच्या हिशेबाने चार शिट्ट्या केल्या तर चावत बसाल. पण शिजलं की शिरांमधला चिकटपणा रश्शात उतरतो आणि बोटं एकमेकांना चिकटतात, पायाच्या रश्शासारखी. कच्ची पपई घालू नका, बाहेरून पिठूळ होतं आणि आतून तसंच राहतं. नळ्या मी अख्ख्याच शिजवते, तपासणीचा निकाल आल्यावरच. सासूबाई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाल्या, "नळी फोडत नाहीस? मग काय उपयोग!" त्यांचं बरोबर आहे, तेवढी एक हौस इथे राहून जाते.

मन खट्टू केलं ते हवा खेचून पिशवी बंद करणाऱ्या मशीनने. ओलं मटण ठेवलं की पाणी वर ओढलं जातं, चिकटवायची रेघ ओली होते आणि महिन्याभराने पिशवीत हवा शिरलेली दिसते. तुकडे ट्रेवर तासभर गोठवून मग भरले की हा प्रश्न सुटतो, पण सलग वीस पिशव्या झाल्या की मशीन तापून बंद पडतं आणि तुम्ही रात्री अकराला पंख्यासमोर उभे. पुढच्या हंगामाआधी हे विकून दुहेरी रेघ मारणारं घेणार आहे. खिम्याला तर पिशवी नकोच. किलोकिलोच्या साध्या प्लास्टिक नळकांड्या मिळतात, त्या भरून पिळून क्लिप मारली की झालं. चार-पाच महिन्यांत संपवायचा असेल तर तेवढं पुरतं, आणि आमच्याकडे तो होळीपर्यंतही टिकला नाही.