लॉगिंग-मेट्रिक्सची सामायिक जावा लायब्ररी: जाड जार की बारीक स्टार्टर?

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांतलं उत्पादन नोंदवणारी सर्व्हिस असो, नाहीतर लासलगाव-पिंपळगावच्या कांदा लिलावाचे भाव गोळा करणारी. तिसरी-चौथी सर्व्हिस लिहायला घेतली की तेच लॉगिंग, तेच मेट्रिक्स (सर्व्हिसची मोजमापं), तोच सेटअप कॉपी-पेस्ट होताना दिसतो. सामायिक लायब्ररी हवी, यावर कुणाचं दुमत नसतं. ती बांधायची कशी, इथे दोन वाटा फुटतात.

पहिली जाड जारची (जार म्हणजे जावा कोडची एकत्र बांधलेली फाइल). ‘कॉमन’ नावाचं मॉड्यूल, त्यात मूळ ॲप्लिकेशन क्लास, लॉगरवर स्वतःचं आवरण, लॉगबॅक या लॉगिंग लायब्ररीची सेटिंग फाइल आणि सगळ्या डिपेंडन्सी (लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या). सर्व्हिसने तो क्लास एक्स्टेंड करायचा आणि कामाला लागायचं. दुसरी बारीक स्टार्टरची: लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या ठरवणारी एक यादी म्हणजे बीओएम, सोबत स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या ऑटो-कॉन्फिगरेशनवर (सेटअप आपोआप करण्याच्या सोयीवर) चालणारा छोटा स्टार्टर. कोडमध्ये मात्र लॉगिंगसाठी थेट एसएलएफ४जे आणि मेट्रिक्ससाठी मायक्रोमीटर.

जाड जारचं पारडं सुरुवातीला जड असतं. नवा माणूस पहिल्याच दिवशी सर्व्हिस उभी करतो. आवृत्त्या एका जागी राहतात हा फायदा मोठा वाटतो, पण तो बीओएमही देतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या लॉगिंग लायब्ररीमधलं सुरक्षेचं भगदाड उघड झालं, तेव्हा २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा चार आवृत्त्या एकाच महिन्यात आल्या. अशा वेळी बीओएममधला एक आकडा बदलून सर्व्हिस पुन्हा बिल्ड करणं पुरतं. कॉमन मॉड्यूलच्या कोडला हात लावावा लागत नाही.

माझा कल स्टार्टरकडे ठरला तो जारमध्ये बसलेल्या लॉगबॅक.एक्सएमएलमुळे. लॉगबॅक ही फाइल क्लासपाथच्या (जावा जिथे क्लास आणि फाइली शोधते त्या यादीच्या) मुळाशी नावाने शोधतो आणि पहिली सापडेल ती घेतो. सर्व्हिसची स्वतःची फाइल असेल तर स्प्रिंग बूटच्या जारमध्ये सहसा तीच जिंकते, कारण तिथे सर्व्हिसचे क्लास लायब्रऱ्यांच्या आधी येतात. पण सर्व्हिसची फाइल नसेल आणि दोन लायब्रऱ्यांनी आपापली आणली असेल, तर निकाल क्लासपाथच्या क्रमावर. लॉगबॅक फार तर एक इशारा छापतो. मग एखादी डिपेंडन्सी वाढवली की रोलिंगचे (जुन्या लॉग फाइली बाजूला काढण्याचे) नियम गुपचूप बदलतात आणि डिस्क भरायला लागते. टोटल-साइज-कॅप (लॉगच्या एकूण आकाराची मर्यादा) मुळात अमर्याद असतो आणि मॅक्स-हिस्ट्री (किती जुने लॉग ठेवायचे) दिल्याशिवाय लागूच होत नाही, म्हणून दोन्ही लिहावे लागतात. कोड तोच, वर्तन वेगळं. असा दोष शोधणं फार जिकिरीचं.

लॉगबॅकच्या सेटिंगचं हे काम ऑटो-कॉन्फिगरेशनवरही टाकता येत नाही. ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट तयार होण्याआधीच लॉगिंग सुरू झालेलं असतं. उपाय स्प्रिंग बूटनेच वापरलेला आहे: जारमध्ये फक्त सेटिंगचा एक तुकडा ठेवायचा, तोही कंपनीच्या वेगळ्या फोल्डरमध्ये आणि वेगळ्या नावाने. सर्व्हिसच्या लॉगबॅक-स्प्रिंग.एक्सएमएलमध्ये तो इन्क्लूड करायचा. नावातलं ‘स्प्रिंग’ गाळू नका, नुसती लॉगबॅक.एक्सएमएल फार लवकर वाचली जाते, त्यामुळे स्प्रिंग-प्रॉपर्टी आणि स्प्रिंग-प्रोफाइल हे टॅग तिच्यात चालत नाहीत.

त्या तुकड्यात दोन गोष्टी हव्यातच. तारखेच्या पॅटर्नमध्ये ‘एशिया/कोलकाता’, नाहीतर यूटीसीवर चालणाऱ्या कंटेनरमध्ये सकाळी ९:३० च्या लिलावातली चूक लॉगमध्ये ०४:०० ला दिसते. आणि असिंक अपेंडर (लॉगच्या ओळी रांगेत ठेवून मागाहून लिहिणारा) असेल तर डिस्कार्डिंग-थ्रेशोल्ड शून्य. मुळात रांग २५६ ची असते आणि ८० टक्के भरली की इन्फो व त्याखालच्या ओळी टाकून दिल्या जातात, म्हणजे गर्दीच्या वेळीच पुरावा गायब. शून्य केल्यावर रांग भरली की लिहिणारा थ्रेड थांबतो, ही किंमत मात्र आहे.

लॉगरवरचं आवरणही मला नकोसं वाटतं. ओळ क्रमांक छापायला गेलं की बहुतेक वेळा आवरणाच्याच क्लासचा क्रमांक येतो.

स्टार्टरलाही खोड आहे. ऑटो-कॉन्फिगरेशनची नोंद पूर्वी स्प्रिंग.फॅक्टरीज फाइलमध्ये असायची. बूट २.७ मध्ये तिच्यासाठी वेगळी इम्पोर्ट्स फाइल आली आणि ३.० पासून जुन्या जागेवरची ही नोंद वाचणं बंद झालं. त्या फाइलमधल्या इतर काही नोंदी चालूच राहतात, त्यामुळे गोंधळ जास्त. एरर येत नाही, ॲप्लिकेशन छान सुरू होतं, फक्त आपले बीन (स्प्रिंगने तयार करायचे ऑब्जेक्ट) नसतात. म्हणून ॲप्लिकेशन-कॉन्टेक्स्ट-रनर वापरून ‘बीन आहे का’ एवढी तपासणारी टेस्ट स्टार्टरमध्ये हवीच. प्रत्येक बीनवर कंडिशनल-ऑन-मिसिंग-बीनही लावा, म्हणजे सर्व्हिसला स्वतःचा देता येतो.

मेट्रिक्समध्ये स्टार्टर सरळ पुढे आहे. सर्व्हिसचं नाव आणि कारखान्याचा कोड हे सामायिक टॅग एकाच कस्टमायझरमध्ये बसतात. बाजार समितीचं नाव टॅग म्हणून चालेल. शेतकऱ्याचा किंवा गाडीचा नंबर नको, कारण टॅगच्या प्रत्येक नव्या मूल्यामागे प्रोमिथियस या मेट्रिक्स साठवणाऱ्या प्रणालीमध्ये नवी मालिका तयार होते आणि मेमरी फुगते. टॅगच्या मूल्यांवर मर्यादा घालणारा मीटर-फिल्टर स्टार्टरमध्येच टाकलेला बरा. ॲक्च्युएटर (स्प्रिंग बूटचा देखरेखीचा भाग) सध्या एचटीटीपीवर मुळात फक्त हेल्थ उघडतो, तेव्हा प्रोमिथियसचं एंडपॉइंट यादीत घालायचं लक्षात ठेवा.

सगळ्यांनाच हे जमेल असं नाही. बूट ३ ला जावा १७ लागतं. कारखान्यातल्या सर्व्हरवर जावा ८ ची सर्व्लेट ॲप्लिकेशन्स उरली असतील, तर तिथे स्टार्टरचा उपयोग नाही. छोटी, स्प्रिंगविरहित जार ठीक. तिच्यात एसएलएफ४जे १.७ सोबत लॉगबॅक १.२ हीच जोडी ठेवा. एसएलएफ४जे २.० आत शिरलं तर ‘प्रोव्हायडर सापडला नाही’ असा इशारा येतो आणि पुढचे सगळे लॉग नाहीसे होतात.

जाड जार आधीच चालू असेल तर एकदम मोडू नका. आधी तिच्यातल्या लॉगबॅक.एक्सएमएलचं नाव आणि फोल्डर बदला, पण त्याच रिलीजसोबत प्रत्येक सर्व्हिसमध्ये इन्क्लूडची फाइल पोहोचवा. मग आवृत्त्या बीओएममध्ये हलवा. मूळ क्लास सगळ्यात शेवटी काढा.