अमेरिकेत राज्य बदलताय? सायपॅक्टवर भागवायचं की नवं लायसन काढायचं

सायकॉलॉजिस्टचं लायसन आहे, प्रॅक्टिस बसलीय आणि तेवढ्यात बायकोची किंवा नवऱ्याची बदली होते, मग पहिला प्रश्न हाच, की जुनं लायसन आणि सायपॅक्ट (एका राज्याच्या लायसनवर बाकीच्या सदस्य राज्यांतही काम करू देणारा राज्याराज्यांतला करार) यावर निभावून न्यायचं का नव्या राज्याच्या बोर्डाकडे एन्डॉर्समेंटचा, म्हणजे जुन्या लायसनच्या आधारावर नवं मिळवायचा अर्ज टाकायचा. मी दोन्हीतून गेलोय. ईपीपीपी (लायसनसाठीची परीक्षा) वगैरे तुम्हाला माहीतच आहे, ते सोडतो.

सायपॅक्ट मला आवडतं, खरंच. 2020 पासून अर्ज घेतायत आणि आता 40 च्या वर राज्यं आत आहेत, ई-पासपोर्ट (त्यासाठीचं सर्टिफिकेट) आणि एपीआयटी (दुसऱ्या राज्यांतल्या क्लायंटना ऑनलाइन बघायची परवानगी) एकदा हातात आलं की त्या सगळ्यांतले क्लायंट व्हिडिओवर घेता येतात. माझ्याकडे बरेचसे मराठी लोक येतात, आईवडील तिकडे एकटे आणि आपण इथे, हे मराठीत बोलायचं असतं आणि त्यांच्या गावात मराठी थेरपिस्ट कुठला असायला! अशांसाठी सायपॅक्ट म्हणजे वरदान. फक्त बे एरियातून फोन आला की नाही म्हणावं लागतं, कॅलिफोर्निया आत नाही, न्यूयॉर्कही नाही. प्रत्यक्ष जाऊन काम करायचं तर टीएपी ही तात्पुरती परवानगी आहे, पण दर राज्यात वर्षाला 30 दिवसच.

आता मला नडलं ते. सायपॅक्टमध्ये क्लायंट कुठे आहे हे बघतातच, पण तुम्ही स्वतः कुठे बसलात हेही बघतात. सेशन घेताना तुम्ही होम स्टेटमध्ये पाहिजे, आणि होम स्टेट म्हणजे जिथलं पूर्ण लायसन तुमच्याकडे आहे आणि जिथे तुम्ही त्या वेळी शरीराने हजर आहात ते. म्हणजे सामान हलवून नव्या घरात लॅपटॉप उघडला की एपीआयटी असून नसल्यासारखं, मग भले दोन्ही राज्यं सायपॅक्टमध्ये असोत. नवं लायसन येईपर्यंत मला जुन्या क्लायंट्सना सांगावं लागलं की थोडं थांबा, आणि डिप्रेशनमधल्या माणसाला थांबा म्हणणं किती अवघड असतं ते तुम्हाला सांगायला नको. पुण्याला आईकडे गेलो की तिथून सेशन घेणंही त्यात बसत नाही, तो विचार मी सोडूनच दिलाय.

एन्डॉर्समेंट सोपं आहे असं अजिबात नाही हं. ट्रेनिंगमध्ये केलेल्या तासांचा हिशोब थेट सुपरवायझरकडून मागतात आणि माझे एक सुपरवायझर केव्हाच रिटायर झालेले, त्यांना शोधण्यापासून सुरुवात. वर काही राज्यांची कायद्याची परीक्षा वेगळी, टेक्ससची ज्युरिसप्रुडन्स, कॅलिफोर्नियाची सीपीएलईई. आपल्याकडे भारतात आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) एक सीआरआर नोंदणी नंबर देशभर चालतो, इथे प्रत्येक राज्य नव्याने ओळख विचारतं. एएसपीपीबीच्या (राज्यांच्या सायकॉलॉजी बोर्डांची संघटना) क्रेडेन्शियल बँकेत कागद आधीच टाकले असतील तर हा ताप बराच कमी होतो, इंटर्नशिप चालू असणाऱ्यांनी आत्ताच टाकावेत.

पण एकदा ते लायसन आलं की नवं राज्यच होम स्टेट होतं आणि सायपॅक्ट तिथून पुन्हा चालू. म्हणून, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते हे मान्य करूनही, कायमचं जाणार असाल तर मी तरी आधी लायसनच्या मागे लागेन. बदलीची तारीख ठरायच्या आधीच अर्ज टाका आणि जुनं लायसन तोवर रिन्यू करत राहा. सहा महिन्यांसाठीच जाणार असाल आणि जुन्या घरी ये-जा करून तिथूनच सेशन घेणार असाल तर सायपॅक्ट पुरेल कदाचित.

काउन्सेलर मंडळींनो, हे सायपॅक्ट डॉक्टरेटवाल्या सायकॉलॉजिस्टसाठी आहे, तुमचं काउन्सेलिंग कॉम्पॅक्ट वेगळं. ते कागदावर 2022 मध्ये लागू झालं पण प्रत्यक्ष प्रिव्हिलेज, म्हणजे दुसऱ्या सदस्य राज्यात काम करायची परवानगी, द्यायला 2025 उजाडलं, ॲरिझोना आणि मिनेसोटापासून. त्यात मात्र एका सदस्य राज्यातून दुसऱ्यात राहायला गेलात तर प्रिव्हिलेजच्या आधारावर तिथलं लायसन मिळायची सोय कायद्यातच लिहिलीय, ही आमच्याकडे नाही. त्याचा मला थोडा हेवा वाटतो.